उथळ पाण्याची ओवाळणी

'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण मी गेली अठरा वर्षे कॉलेजच्या वर्गात ऐकवीत आलो आहे, आणि ती ऐकवताना माझी नजर हमखास शेवटच्या बाकांकडे वळते. पण २०२४ च्या दिवाळीत मी असे एक पाणी पाहिले, की ते तीनशे चौरस किलोमीटरांवर पसरले आहे, उंच माणूस त्यात बहुतेक ठिकाणी पाय टेकून उभा राहील इतके उथळ आहे, आणि तरी त्याला खळखळाट म्हणून नाही. तेव्हापासून ती म्हण उच्चारताना माझा आवाज थोडा खाली येतो.

हे पाणी ऑस्ट्रियात आहे. तिथवर मी कसा पोचलो, हे आधी सांगायला हवे. माझी धाकटी बहीण लग्नानंतर व्हिएन्नाला स्थायिक झाली. दरवर्षी ती भाऊबीजेला दूरध्वनीवरून ओवाळायची आणि मी दूरध्वनीवरूनच ओवाळणी घालायचो. 'या वर्षी दोघेही या, नाहीतर मी रागावेन,' असे तिने बजावल्यावर मात्र आमच्या सौ. ने चकल्यांचे डबे बांधायला घेतले. माझ्या बॅगेत डब्यांच्या खाली आणखी एक गोष्ट होती. आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, दिलेला एक कागद.

आमचे गाव निफाड तालुक्यातले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरला इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. त्याच्या फुगवट्यात गाळ साचला, गाळावर गवत वाढले, आणि गवताच्या ओढीने पाखरे आली. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र ठरले. आमची जमीन त्या हद्दीबाहेर, पण पाण्याला लागूनच. वरच्या अंगाला अण्णांची द्राक्षबाग आणि अगदी खालच्या टोकाला दोन एकरांचा एक निरुपयोगी तुकडा. घरात त्याचे नाव 'चोपण'. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी, हिवाळ्यात चिखल आणि पाखरे, उन्हाळ्यात पांढरी खारी माती. अण्णांना तिथे मुरूम आणि माती टाकून ती जागा उचलायची होती आणि द्राक्षवेली लावायच्या होत्या. सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावे असल्याने कर्जासाठी तिघांची संमती हवी. माझी सही मी पोस्टमनच्या पावतीवर करावी तशी करून टाकली होती. पक्ष्यांच्या कविता शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने तो कागद निदान एकदा वाचायला हवा होता. पण अण्णांनी शेत राखले म्हणून मी एम. ए. झालो, त्यांच्यापुढे कागद काय वाचायचा?

बहिणीने मात्र तो वाचला, दोनदा वाचला आणि चिवड्याच्या डब्याखाली ठेवून दिला. "सही करते, दादा. पण पाडव्याला आपण एके ठिकाणी जाऊन येऊ."

पाडव्याच्या सकाळी मेहुण्यांनी गाडी काढली तेव्हा बाहेर दाट धुके होते. व्हिएन्नाच्या आग्नेयेला तासाभरावर बुर्गेनलांड नावाचा प्रांत लागतो. १९२१ पर्यंत हा मुलूख हंगेरीत होता, त्यानंतर ऑस्ट्रियात आला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षमळे लागले आणि मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. फरक एवढाच, की आमच्याकडे वेली मांडवावर चढवतात, तर इथे त्या तारांना धरून रांगेत उभ्या होत्या. पाने पिवळी पडलेली, बहुतेक मळे रिकामे. पण मधूनच एखाद्या मळ्यात घड तसेच लोंबत होते, सुरकुतलेले आणि करड्या बुरशीने माखलेले. मी मनात म्हटले, बिचाऱ्याचा माल गेला! आमच्याकडे हिवाळ्यात धुके पडले की अण्णांच्या पोटात गोळा येतो. धुक्यामागून भुरी येते, डावणी येते आणि वर्षाची मेहनत औषधाच्या पंपात वाहून जाते.

सरोवराच्या पश्चिम काठावर रुस्ट नावाचे टुमदार गाव आहे. लोकवस्ती जेमतेम दोन हजारांची, पण मान शहराचा. रुस्टची कीर्ती करकोच्यांसाठी. घरांच्या धुराड्यांवर गावकऱ्यांनी मुद्दाम चौकटी बसवल्या आहेत आणि पांढरे करकोचे दर वसंतात येऊन त्यांवर काटक्यांची घरटी रचतात. आमच्या सौ. ने सकाळपासून करकोच्यांचा ध्यास घेतला होता. पण वर पाहावे तो प्रत्येक घरटे रिकामे! ऑगस्ट संपता संपता हे पाहुणे बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडून आफ्रिकेची वाट धरतात. "म्हणजे आपण आलो आणि घरमालक गावाला गेले," सौ. म्हणाली. पण त्या रिकाम्या घरट्यांखालीसुद्धा चौकटी नीट डागडुजी केलेल्या होत्या. गेलेला पाहुणा परत येणार, असा भरवसा बाळगून घर झाडून ठेवणारे गाव मला आवडून गेले.

बहिणीच्या ओळखीचे एक वृद्ध मळेवाले तिथे राहतात. त्यांनी आम्हाला अंगणातल्या बाकावर बसवले आणि माझ्यापुढे अंगठ्याएवढा पेला ठेवला. वाचकहो, मी घरंदाज मराठी प्राध्यापक आहे. पण परमुलखात यजमानाचा मान राखावा लागतो. सौ. ने द्राक्षांचा ताजा रस घेतला आणि माझ्या पेल्यावर डोळा ठेवला. पेल्यातला रंग जुन्या सोन्यासारखा आणि चव मधात भिजवलेल्या मनुकांसारखी, पण शेवटी जिभेवर एक आंबट चुणूक. तिचे नाव आउसब्रुख.

१५२४ मध्ये हंगेरीची राणी मारिया हिने रुस्टच्या मळेवाल्यांना आपल्या पिंपांवर 'आर' हे अक्षर डागण्याचा हक्क दिला. पुढे १६८१ मध्ये गावाने सम्राट लिओपोल्ड पहिला याच्याकडून स्वतंत्र शहराचा दर्जा अक्षरशः विकत घेतला. किंमत साठ हजार सुवर्ण गुल्डन आणि वर पाचशे मापे आउसब्रुख, आजच्या हिशेबाने तीस हजार लिटरांच्या आसपास. मी म्हटले, "म्हणजे या गावाने स्वातंत्र्य द्राक्षांनी मिळवले." बहिणीने भाषांतर केले. म्हातारा हसला आणि मान हलवून म्हणाला, "द्राक्षांनी नव्हे, कुजक्या द्राक्षांनी."

मग त्याने मला मघाच्या त्या बुरशी आलेल्या घडांचे रहस्य सांगितले. सरोवर उथळ, त्यामुळे पाणी उन्हात लवकर तापते आणि हवेत भरपूर बाष्प सोडते. शरदातल्या थंड रात्री त्याचे धुके होते आणि सकाळी ते मळ्यांवर पसरते. त्या ओलाव्यात बोट्रायटिस नावाची बुरशी द्राक्षाच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते. दुपारी धुके फाटून ऊन पडले की त्या छिद्रांवाटे द्राक्षातले पाणी उडून जाते आणि साखर, आम्लता, सुगंध मागे उरतात. नुसते धुके राहिले तर द्राक्ष सडते. नुसते ऊन राहिले तर बुरशी धरत नाही. सकाळी धुके आणि दुपारी ऊन, असे दिवस ओळीने लाभले तरच ते सोने हाती लागते. मळेवाला एकेक दाणा पारखून वेचतो आणि काही वर्षी त्याला वेचण्यासारखे काहीच मिळत नाही.

"म्हणजे वेल तुमची, पण दारू सरोवराची," मी म्हटले.

"आणि हे विसरलेल्यांनी आमचे नाव घालवले होते," तो म्हणाला. १९८५ मध्ये ऑस्ट्रियातल्या काही लोकांनी दारू अधिक गोड आणि दाट भासावी म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकोल हे रसायन मिसळल्याचे उघडकीस आले. परदेशची बाजारपेठ बसली, सचोटीचे मळेवालेही त्यात भरडले गेले. त्याच वर्षी अत्यंत कडक कायदा झाला आणि नाव परत मिळवायला पुढे कित्येक वर्षे गेली. "धुके डब्यात मिळत नाही," एवढेच म्हणून म्हाताऱ्याने बुच लावले.

निघताना मी त्याला अण्णांच्या मनातला प्रश्न विचारला: पाखरांचे काय? त्याबरोबर त्याने कपाळावर हात मारला. सरोवराच्या काठी बोरूचे बन आहे, त्यात हजारोंनी साळुंकीच्या जातीची पाखरे रात्रीला उतरतात आणि दिवसा मळ्यांवर धाड घालतात. पूर्वी राखणदार लाकडी खुळखुळे वाजवीत मळ्यांतून फिरत. आता त्यांना हाकलायला लहान विमाने उडवतात. विमाने! आमच्याकडे माळ्यावर बसून गोफण फिरवणारा पोरगा मला आठवला आणि हसू आले. पण लगेच लक्षात आले, की गोष्ट तीच आहे. ज्या बोरूच्या बनात ती चोर पाखरे राहतात, ते बन जिथले, ते धुकेही तिथलेच. एक ठेवायचे आणि दुसरे घालवायचे, असे करता येत नाही. म्हातारा पाखरांना शिव्या देत होता, पण बन तोडा असे एकदाही म्हणाला नाही.

आम्हाला पूर्व काठावरच्या इल्मित्स गावी जायचे होते. नकाशात ते समोरच दिसते. गाडीने मात्र उत्तरेकडून सगळ्या सरोवराला वळसा घालावा लागतो. तास झाला तरी गाव येईना, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, एवढे श्रीमंत लोक आणि यांना मधे एक पूल बांधता येऊ नये?"

"वहिनी, बांधणारच होते," बहीण म्हणाली. १९७१ च्या सुमारास सरोवरावरून मोठा रस्ता-पूल नेण्याची योजना पुढे आली होती. शास्त्रज्ञ आणि निसर्गप्रेमी विरोधात उभे राहिले, वाद पेटला आणि शेवटी पूल रद्द झाला. आपल्याकडे पुढारी बांधलेल्या पुलावर नावाची पाटी लावतात. न बांधलेल्या पुलाला पाटी नसते. पण त्या तासाभराच्या वळशात त्याचे दर्शन मला नीट घडले.

इल्मित्सजवळ आम्ही पायउतार झालो. सरोवर कुठे आहे? समोर नुसते नळाचे रान. आपल्या आजोबांनी ज्याचा बोरू केला त्या जातीचे हे गवत, माणसाच्या दुप्पट उंच, वाऱ्यावर सळसळणारे. नॉयझिडलर झे नावाच्या या सरोवराचा निम्म्याहून अधिक भाग याच बनाने व्यापलेला आहे. लाकडी पाटावरून चालत पुढे गेलो, तेव्हा एकदम करडे पाणी उघडले आणि पलीकडचा काठ धुक्यात बुडालेला. खोली जास्तीत जास्त दोन मीटरांच्या आत. याला समुद्राकडे जाणारी नदी नाही. पाणी येते ते मुख्यतः पावसाने आणि जाते ते मुख्यतः उन्हाने. जोराचा वारा सुटला की पाणी एका काठाकडे ढकलले जाते आणि दुसरा काठ उघडा पडतो. याचा दक्षिणेकडचा भाग हंगेरीत आहे. तिथले नाव 'फेर्तो', आणि त्या शब्दाचा अर्थच दलदल!

असे हे सरोवर १८६५ पासून १८७१ पर्यंत साफ कोरडे पडले होते. लोकांनी तळाच्या जमिनीची वाटणी केली आणि नांगर धरले. मग पाऊस आला, पाणी आले आणि वाटण्या बुडाल्या. तरीही माणसाची हाव सुटली नाही. हा पाणथळ प्रदेश कायमचा कोरडा करून शेती करावी, म्हणून चर खणण्याचे उद्योग झाले. १९०९ पर्यंत एक मोठा कालवाही पुरा झाला. सरोवर वाचले, पण त्याच्या पूर्वेला झेविंकल नावाच्या सपाट मुलखात जी शंभरावर लहान खारी तळी होती, त्यांतली निम्म्याहून अधिक गेली.

ती तळी बघायला आम्ही गेलो आणि मी थबकलो. समोर उथळ, दुधट पाणी. काठाला पांढऱ्या खारीचा पापुद्रा. वाकून चिमूटभर माती बोटांत घेतली. हे तर आमचे चोपण!

बहीण मला न्याहाळत होती. "आठवलं ना? लहानपणी मी ही माती चाटून पाहिली होती आणि आईनं मला बदडलं होतं."

तिथल्या भाषेत या तळ्यांना 'लाके' म्हणतात, म्हणजे साधे डबके. या डबक्यांची घडण मात्र साधी नाही. भूजल वर असले की ते जमिनीतला सोडा आणि क्षार ओढून पृष्ठभागाशी आणते. त्या क्षारांनी चिखल इतका घट्ट होतो की तळ्याचा तळ पाणी धरून ठेवतो. चर खणले किंवा विहिरींनी उपसा केला की भूजल खाली जाते. मग पावसाचे पाणी क्षार धुऊन नेते, तळ सैल होतो आणि तळे एकदा मेले की पुन्हा पाणी ओतून जिवंत होत नाही. म्हणजे दरवर्षी उन्हाळ्यात आटणे हा त्याचा रोग नव्हे. क्षार निघून जाणे हा रोग. आम्ही ज्याला जमिनीचा दोष म्हणत होतो, तो इथे तळ्याचा प्राण होता.

१९९३ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २००१ मध्ये सरोवराभोवतीचा दोन्ही देशांतला प्रदेश युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मानला. पण मला सर्वांत नवल वाटले ते एका व्यवहाराचे. उद्यानाची जमीन सरकारने हिसकावून घेतलेली नाही. ती सुमारे १,२०० खासगी मालकांची आहे आणि उद्यान त्यांना तिचा खंड देते. पाखरे उतरतात, मालकाला खंड मिळतो. गुरे चारणे बंद पडल्यामुळे बोरू माजला होता, म्हणून कुरणांत गुरे मुद्दाम परत आणली. त्यांत चक्क म्हशी! चिखलात बसून रवंथ करणारी म्हैस बघून आमच्या सौ. ला करकोच्यांचे दुःख विसरले. "बाई गं, तू इथे कशी?" असे तिने अगदी आपुलकीने विचारले.

सगळेच मंगल आहे असे नाही. जवळच्या झांक्ट आंद्रे गावचे झिकझे हे तळे २०२२ मध्ये उन्हाळ्यात पूर्ण आटले. पाऊस कमी, ऊन जास्त आणि शेतांचा, मळ्यांचा उपसा चालूच. ज्यांना धुके हवे त्यांच्याच विहिरी धुक्याच्या मुळाशी लागल्या आहेत. तिथला शेतकरी आपल्याहून शहाणा आहे असे मी म्हणणार नाही. त्याला फक्त खंड मिळतो, म्हणून त्याला शहाणपण परवडते.

संध्याकाळ झाली. धुके पुन्हा उतरू लागले आणि उत्तरेकडून आवाज आला, आधी लांबून, मग डोक्यावर. रानहंसांच्या रांगा, एकीमागून एक, रात्रीच्या मुक्कामाला पाण्याकडे येत होत्या. आम्ही चौघे मान वर करून उभे. माझी मान अवघडली, पण खाली करवेना. चोपणात हिवाळ्याच्या पहाटे असाच आवाज व्हायचा आणि अण्णा मला उठवून दाखवायला न्यायचे. अण्णाच न्यायचे! हे मी इतकी वर्षे कसा विसरलो होतो?

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. बहिणीने पाट मांडला, औक्षण केले. मी पाकीट काढले, तसा तिने माझा हात धरला. "पैसे नकोत. चोपण ओवाळणीत दे."

"अगं, माझ्या एकट्याचं आहे का ते? अण्णांनी त्या जमिनीसाठी जन्म घातला. पाखरं त्यांची द्राक्षं खातात, ती तू भरून देणार आहेस?"

"हो," ती म्हणाली. "तू आणि मी. इथे उद्यान देतं तसा खंड देऊ, दरवर्षी. चोपण आहे तसं राहील."

सौ. ने हिशेब मांडला. द्राक्षांचे उत्पन्न आम्हाला भरून देता येणार नव्हते, ते आमच्या आवाक्याबाहेर होते. जमेल ती रक्कम ठरली. मग धीर करून मी अण्णांना फोन लावला. सगळे ऐकून घेतल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता.

"पाखरांचा खंड?" शेवटी अण्णा म्हणाले. "पुस्तकं वाचून असंच होतं माणसाचं." पुन्हा शांतता. "दोन वर्षांचा आगाऊ द्या. पाखरांचा भरवसा नसतो."

आगाऊ खंड पोचता झाला. कर्जाचा कागद चिवड्याच्या डब्याखालून निघाला, त्यावर तेलाचा डाग पडला होता; तो मी तसाच परत नेला. अण्णांचे नुकसान झाले हे मी नाकारीत नाही. आमची रक्कम त्यांच्या मनातल्या मळ्यापुढे काहीच नाही, आणि तेही ते बोलून दाखवत नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात चोपण नेहमीसारखे भरले. थंडी पडू लागल्यावर एका पहाटे अण्णांचा निरोप आला, नेहमीप्रमाणे मोजक्या शब्दांत.

"भाडेकरू आले. बघायला या."